वीरवराचे वेतन आणि प्रेसिडेन्सी कॉलेजातील दोन तक्रारी

इ.स. १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्या वेतनाला दोनदा कात्री लागली होती. शिक्षणखात्याच्या वरिष्ठ श्रेणीतील जागेवर हिंदी माणूस नेमला गेल्यास त्याला युरोपीय अधिकाऱ्याच्या दोन-तृतीयांश वेतन द्यावयाचे, हा एक दंडक होता. नेमणूक हंगामी असल्यास त्याच्याही निम्मे द्यावयाचे, हा दुसरा. दोन्ही लागू झाल्यावर बोस यांच्या वाट्याला येणारी रक्कम कायम नेमणुकीच्या युरोपीय प्राध्यापकाच्या वेतनाच्या एक-तृतीयांश होत होती. बोस यांनी नोकरी स्वीकारली, पण वेतन घेण्यास नकार दिला. तीन वर्षे ते विनावेतन शिकवीत राहिले. अखेरीस खात्याने त्यांना कायम केले आणि पूर्ण दराने मागील सर्व वेतन एकरकमी चुकते केले.

ही हकीकत सर्वपरिचित आहे. विज्ञानाच्या इतिहासात, राष्ट्रीय चरित्रमालांत आणि शालेय पाठांतही ती सांगितली जाते. तिच्या शेजारचीच दुसरी हकीकत मात्र तितकी सांगितली जात नाही. १८८९ मध्ये, म्हणजे बोस यांचा प्रश्न मिटल्यानंतर अगदी थोड्या काळाने, त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकविण्यासाठी प्रफुल्लचंद्र राय यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा २५० रुपये. त्यांनी त्याच अधिकाऱ्याकडे तीच तक्रार नेली आणि ती फेटाळली गेली. एकाच खात्यात, एकाच वरिष्ठासमोर, चार-पाच वर्षांच्या आत मांडलेल्या या दोन तक्रारींपैकी एक कथा झाली आणि दुसरी आत्मचरित्रातील एका परिच्छेदापुरती उरली. असे का व्हावे, हा प्रश्न प्रशासकीय इतिहासाचा आहे, तितकाच कथनाच्या इतिहासाचाही आहे.

दोन-तृतीयांशाचा दंडक शिक्षणखात्यापुरता नव्हता. १८७९ च्या नियमांनुसार निर्माण झालेल्या 'स्टॅट्युटरी सिव्हिल सर्व्हिस'मध्येही हिंदी अधिकाऱ्यांना करारबद्ध सनदी नोकरांच्या सुमारे दोन-तृतीयांश वेतन मिळे. त्याचे समर्थन नेहमीचेच होते: युरोपीय माणूस स्वदेशापासून दूर, प्रतिकूल हवेत राहतो, त्याला दोन घरांचा खर्च चालवावा लागतो, हिंदी माणसाच्या गरजा थोड्या. या युक्तिवादात वेतनाचा आधार काम हा नसून गरज हा आहे, आणि ती गरज ठरविण्याचा अधिकार वेतन देणाऱ्याने स्वतःकडे ठेवला आहे. शास्त्रविषयांच्या बाबतीत याला आणखी एका समजुतीची जोड मिळाली होती. हिंदी बुद्धी तत्त्वचिंतनात रमते, काटेकोर प्रयोगशास्त्र शिकविण्याचे काम तिला झेपणारे नाही, असे त्या काळच्या शिक्षणाधिकाऱ्यांपैकी अनेकांना वाटत असे. गरज कमी आणि योग्यता संशयित, अशा दुहेरी पायावर हा अपूर्णांक उभा होता.

येथे या व्यवहाराच्या मराठी शब्दसंपत्तीकडे थोडे पाहणे उपयोगी ठरेल. 'वेतन' संस्कृत, 'तनखा' फारसी, 'मुशाहिरा' महिन्याच्या अरबी नावावरून आलेला, 'पगार' पोर्तुगीज. कामाच्या मोबदल्यासाठी मराठीने प्रत्येक राजवटीकडून एकेक शब्द घेतला. त्या शब्दांच्या थरांवरून कोणकोणत्या धन्यांकडे मराठी माणसाने चाकरी केली याचा माग काढता येतो. गाऱ्हाण्याचे शब्दही असेच बाहेरून आलेले आहेत. 'तफावत' हा अरबी मूळ असलेला, फारसीवाटे आलेला शब्द मराठीत जमाखर्चाच्या परिभाषेत स्थिरावला. दोन आकडे जुळावयास हवे होते आणि जुळत नाहीत, असे जेथे दिसते तेथे तफावत असते. म्हणजे आकडे जुळावयास हवेत हे गृहीत या शब्दात आधीच आहे. 'तक्रार' या शब्दाचा मूळ अरबी अर्थ मात्र पुनरावृत्ती असा आहे. तेच ते पुन्हा म्हणणे ती तक्रार. फारसी-उर्दूच्या वाटेने त्याला वाद, भांडण असा अर्थ आला आणि मराठीत गाऱ्हाणे हा अर्थ रूढ झाला. या व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये हे खरे. परंतु बोस आणि राय यांच्या प्रकरणांत तफावत एकच होती आणि तक्रार अक्षरशः तिची पुनरावृत्ती होती, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

बोस यांच्या प्रकरणाचा प्रमुख वृत्तान्त पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलेल्या चरित्रात येतो. हे इंग्रजी चरित्र १९२० मध्ये, म्हणजे बोस हयात असताना आणि घटनेनंतर तीस-पस्तीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. गेडिस हे बोस यांचे स्नेही होते. चरित्रातील बराचसा तपशील चरित्रनायकाकडूनच मिळालेला असणार हे उघड आहे. त्यामुळे हा वृत्तान्त पुरावा म्हणून वाचताना त्याची घडणही वाचावी लागते.

गेडिस सांगतात त्यानुसार केंब्रिज आणि लंडन येथील शिक्षण संपवून परतताना बोस यांनी अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांचे व्हाइसरॉय रिपन यांच्या नावाचे पत्र आणले होते. रिपन यांनी शिक्षणखात्याकडे शिफारस केली. बंगालच्या शिक्षणखात्याचे संचालक सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांना हा वरून आलेला दाब रुचला नाही. वरिष्ठ श्रेणीत जागा नाही, प्रांतिक श्रेणीत मिळेल, असे त्यांनी सांगितले; बोस यांनी ती नाकारली. नेमणूक झाली का नाही अशी पृच्छा रिपन यांच्याकडून आल्यावर क्रॉफ्ट यांनी हंगामी जागा दिली, आणि वेतनाचा प्रश्न तेथून सुरू झाला. प्राचार्य चार्ल्स हेन्री टॉनी यांचाही या नेमणुकीला प्रारंभी विरोध होता.

पुढील तीन वर्षे या घराला सोपी नव्हती. वडील भगवानचंद्र बोस यांनी स्वदेशी उद्योगांच्या हौसेपोटी मोठे कर्ज करून ठेवले होते. ते फेडण्यासाठी वडिलार्जित मालमत्ता विकावी लागली. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी विवाह झाला. काही काळ हे दांपत्य खर्चाच्या सोयीसाठी चंद्रनगरला नदीकाठी राहत होते. महिन्याच्या महिन्याला येणारे वेतन परत जात होते, आणि वर्ग मात्र भरत होते. टॉनी यांच्या आणि क्रॉफ्ट यांच्या मतात पालट झाला तो या अध्यापनाचा दर्जा पाहून, असे गेडिस सांगतात; पुढे हे दोघेही बोस यांचे स्नेही झाले, हेही ते नोंदवितात. एकरकमी हाती आलेले वेतन वडिलांच्या कर्जाकडे गेले.

कथेचे टप्पे असे आहेत. चाकर असामान्य मागणी करतो. धनी साशंक असतो. चाकर काहीही न बोलता सेवेने आपली पात्रता सिद्ध करतो. धनी द्रवतो आणि मागितल्याहून अधिक देतो. मिळालेले धन चाकर स्वतःवर खर्चत नाही. भारतीय कथापरंपरेच्या अभ्यासकाला ही मांडणी नवी वाटणार नाही, कारण ती वीरवराच्या कथेची मांडणी आहे.

आणि येथे एक विलक्षण योगायोग पुढे येतो. बोस यांच्या नेमणुकीला नाके मुरडणारे प्राचार्य टॉनी म्हणजेच सोमदेवाच्या कथासरित्सागराचे इंग्रजी भाषांतरकार. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत कलकत्त्यालाच त्यांच्या भाषांतराचे दोन खंड १८८० आणि १८८४ मध्ये निघाले. वेताळाच्या कथा दुसऱ्या खंडात आहेत. त्यांतच वीरवराची कथा येते. वेतनाच्या प्रश्नावर भारतीय कथावाङ्मयाने केलेले सर्वांत प्रसिद्ध चिंतन ज्याने नुकतेच शब्दाशब्दाने इंग्रजीत उतरविले होते, त्याच्याच कॉलेजात पुढच्याच वर्षी एक चाकर वेतनाचा प्रश्न घेऊन उभा राहिला. टॉनी यांच्या मनात हे साम्य आले असेल असे सुचविण्यास काहीही आधार नाही, आणि तसे सुचविण्याची गरजही नाही. साम्य आहे ते गेडिस यांच्या कथनात.

कथा थोडक्यात अशी. माळव्यातील वीरवर नावाचा योद्धा राजा शूद्रकाकडे येतो आणि रोज ५०० दीनार वेतन मागतो. त्याच्याजवळ ना हत्ती, ना घोडे, ना सैन्य. बायको, मुलगा, मुलगी आणि तलवार एवढाच परिवार. राजा वेतन मान्य करतो, पण हा माणूस एवढ्या धनाचे करतो काय हे पाहण्यासाठी मागावर हेर ठेवतो. हेर येऊन सांगतात की शंभर दीनार तो घरखर्चासाठी बायकोच्या हाती देतो, शंभरांची वस्त्रे-विलेपने-विडा, शंभर देवपूजेला, आणि उरलेले दोनशे ब्राह्मणांना व दीनदुबळ्यांना. राजाचे समाधान होते. वीरवर रात्रंदिवस, पावसापाण्यात, राजद्वारी तलवार घेऊन उभा असतो. पुढे एका रात्री राजाचा मृत्यू टाळण्यासाठी देवीला मुलाचा बळी द्यावा लागेल असे त्याला कळते. मुलगा आपण होऊन तयार होतो. त्याच्यामागे बहीण, मग आई, मग स्वतः वीरवर प्राण देतो. लपून पाहणारा राजाही स्वतःवर शस्त्र उगारतो, तेव्हा देवी प्रसन्न होऊन सर्वांना जिवंत करते, आणि राजा वीरवराला राज्य बहाल करतो.

वेताळाचा प्रश्न असा, की या सर्वांत श्रेष्ठ कोण? विक्रमाचे उत्तर आहे: राजा. कुलीन सेवकाने धन्यासाठी प्राण द्यावेत हा त्याचा धर्मच. बायकोमुलांनी त्याच्यामागे जावे हेही ठरलेले. राजे चाकरांचे प्राण देऊन स्वतःला वाचवितात. चाकरासाठी प्राण द्यावयास निघालेला राजा हाच असामान्य.

मराठी वाचकाला ही कथा दोन वाटांनी परिचित झाली. हितोपदेशात ती विग्रह या भागात आहे, आणि मराठी हितोपदेश १८१५ मध्ये बंगालमध्येच, सेरामपूरच्या मिशनरी छापखान्यात छापला गेला. पुढे मुंबईत वेताळपंचविशी छापली गेली आणि ती शतकभर वाचली गेली. कलकत्ता आणि मुंबई या दोन्ही इलाख्यांतील साक्षर समाजाच्या कानावर वेतनाची जी नमुनाकथा पडलेली होती ती ही. तिच्यातील तीन गोष्टी या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की वीरवराचे वेतन कोणाच्याही वेतनाशी ताडून पाहिलेले नाही. राजद्वारावर इतर पहारेकरी असतीलच; त्यांना काय मिळत होते याबद्दल कथा मौन पाळते. दुसरी, वेतन योग्य की अयोग्य हे कामावरून ठरत नाही, ते खर्चावरून ठरते. हेरांनी हिशोब आणल्यावरच राजाचा संशय फिटतो. आणि तिसरी, शेवटी श्रेय धन्याला जाते. वेतनाची तफावत म्हणून जी काही असते तिचा या कथेत मागमूसही नाही, कारण तफावतीला दोन चाकर लागतात आणि कथेत एकच आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रात याहून अगदी वेगळी दृष्टी आहे. तेथील भृत्यभरणाच्या अध्यायात ऋत्विज, मंत्री, सेनापती यांच्या ४८,००० पणांपासून अगदी खालच्या सेवकाच्या ६० पणांपर्यंत सारा वेतनपट मांडला आहे. पद सांगितले की रकमेचा उलगडा होतो. परंतु हा ग्रंथ १९०५ मध्ये शामशास्त्रींच्या हाती लागला आणि १९०९ मध्ये छापला गेला. १८८५ मध्ये पदानुसार वेतनाचा भारतीय आधार कोणी शोधू म्हटले असते तरी तो सापडला नसता. वीरवर मात्र जागोजाग होता.

गेडिस यांच्या वृत्तान्तात बोस यांच्याभोवती इतर हिंदी प्राध्यापक दिसत नाहीत. दोन-तृतीयांशाचा दंडक सांगितला जातो, पण तो ज्यांच्यावर लागू होता त्यांची संख्या, त्यांची नावे, त्यांचे काय झाले, हे येत नाही. दंडक ही बोस यांच्या तपस्येची पार्श्वभूमी आहे, आणि तपस्या फळाला आली की पार्श्वभूमीचे काम संपते. वेतन कर्जफेडीकडे गेले हा तपशील हेरांच्या अहवालाच्या जागी येतो. क्रॉफ्ट आणि टॉनी यांचे मतपरिवर्तन हा उत्कर्षबिंदू होतो. वीरवराच्या कथेतल्याप्रमाणेच येथेही धनी मोठा होऊनच कथा संपते. पाश्चात्त्य वाचकासाठी लिहिलेल्या चरित्राला हा शेवट सोयीचा होता यात शंका नाही. परंतु भारतीय वाचकालाही तो तितकाच पटला, त्याचे कारण त्याच्या कथास्मरणात दडलेले आहे.

या मांडणीमुळे जी गोष्ट झाकली जाते ती अशी की दंडक जागच्या जागी राहिला. बोस यांना दिले गेलेले पूर्ण वेतन हा त्यांच्यापुरता निर्णय होता. तो अपवाद म्हणून दिला गेला आणि अपवाद म्हणूनच गौरविला गेला. याचा दाखला म्हणजे प्रफुल्लचंद्र राय.

राय हे एडिंबरो विद्यापीठाचे डी.एस्सी. १८८८ मध्ये परतल्यावर जवळजवळ वर्षभर त्यांना जागा मिळाली नाही. या काळात ते बोस यांच्याच घरी राहत होते. म्हणजे बोस यांनी काय केले आणि त्याचे काय झाले, याची त्यांना जवळून माहिती असणार. १८८९ मध्ये मिळालेली नेमणूक प्रांतिक स्वरूपाची, २५० रुपयांची होती. क्रॉफ्ट त्या दिवसांत दार्जिलिंगला होते. राय तेथे जाऊन त्यांना भेटले आणि आपली पात्रता व हे वेतन यांत मेळ नाही असे त्यांनी सांगितले. आयुष्यात इतर वाटा मोकळ्या आहेत, ही नेमणूक स्वीकारण्याची सक्ती कोणी केलेली नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. राय परत आले आणि रुजू झाले.

हा प्रसंग राय यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात सांगितला आहे. त्रेचाळीस वर्षांनंतरही रकमेचा आकडा, गावाचे नाव आणि वरिष्ठाचे उत्तर त्यांच्या लेखणीतून जसेच्या तसे उतरते. कथनाच्या दृष्टीने पाहिले तर या प्रसंगात काहीच घडत नाही. तपस्या नाही, मतपरिवर्तन नाही, एकरकमी भरपाई नाही. मागणी होते, नकार येतो, आणि मागणारा कामावर जातो. वेतनाविषयीच्या बहुसंख्य तक्रारींचे प्रत्यक्षात असेच होत असते. म्हणूनच त्यांची कथा होत नाही. बोस यांनी वेतन परत पाठविले तेव्हा ते घर कर्जात होते हे खरे, पण विकायला मालमत्ता होती आणि शिफारस करायला व्हाइसरॉय होता. राय यांच्याजवळ पदवी होती. नकाराची चैन प्रत्येकाला परवडत नाही, ही गोष्ट बोस यांच्या धैर्याला उणेपणा आणीत नाही. ते धैर्य सर्वांसाठी नमुना म्हणून पुढे केले जाते तेव्हा मात्र ती सांगावी लागते.

राय यांच्या तक्रारीत आणखी एक भेद आहे. बोस यांनी एका पदाच्या दोन वेतनांवर बोट ठेवले होते: एकच पद, दोन दर. पुढे शासनाने पदेच दोन केली. सार्वजनिक सेवांची चौकशी करणाऱ्या १८८६-८७ च्या ॲचिसन आयोगानंतर शिक्षणखात्याची जी पुनर्रचना झाली, तीनुसार १८९६ मध्ये इंग्लंडात भरती होणारी 'इंपीरियल' आणि हिंदुस्थानात भरती होणारी 'प्रांतिक' अशा दोन सेवा रीतसर वेगळ्या झाल्या. आता हिंदी माणसाला कमी वेतन मिळते असे म्हणण्याची सोय उरली नाही. प्रांतिक सेवकाला प्रांतिक वेतन मिळते एवढेच म्हणता येत होते. शिकवायचे तेच, वर्ग तोच, प्रयोगशाळा तीच. पण हजेरीपटावरील रकाना वेगळा. ज्या दोन आकड्यांत तफावत दाखवायची ते एका पानावर येऊच द्यावयाचे नाहीत, ही युक्ती अपूर्णांकाच्या दंडकापेक्षा कितीतरी टिकाऊ ठरली. राय आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग या प्रांतिक श्रेणीतच होते.

याच वर्षांत पुण्यात वेतनाचा एक अगदी निराळा वाद चालू होता, आणि त्याच्याशी तुलना केल्यावाचून कलकत्त्याच्या प्रकरणाचे वैशिष्ट्य पुरते ध्यानात येत नाही. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये, म्हणजे बोस प्रेसिडेन्सीत रुजू झाले त्याच वर्षी, फर्ग्युसन कॉलेज. येथे धनीच नव्हता. आजीव सभासद हेच शिक्षक आणि हेच व्यवस्थापक. तक्रार करावयाची ती एकमेकांकडे. वेतन सर्वांना सारखे आणि अल्प; पुढे ते ७५ रुपये झाले. ते सारखेच राहावे, आणि सभासदांनी बाहेरची कमाई करू नये, हा टिळकांचा आग्रह होता. संसाराच्या वाढत्या गरजा पाहता वेतन वाढावे आणि फावल्या वेळातील कामाचा मोबदला ज्याचा त्याला मिळावा, ही आगरकर आणि त्यांच्या बाजूच्या सभासदांची भूमिका. मतभेदाला सामाजिक सुधारणेचा आणि स्वभावांचाही पदर होता. परंतु १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला तेव्हा त्यासोबतच्या दीर्घ निवेदनात वेतन, वेळ आणि बाहेरची कमाई हे प्रश्नच केंद्रस्थानी होते.

'राजीनामा' हा शब्दही येथे मौजेचा आहे. त्याचा मूळ अर्थ संमतिपत्र, तडजोडीचा लेख; नापसंतीने काम सोडल्याचा लेख हा अर्थ त्याला मागाहून आला. टिळकांच्या निवेदनात दोन्ही अर्थांची चाहूल आहे: मुळात ज्या करारावर सर्व राजी झाले होते तो कोणता, हेच त्यांना सिद्ध करावयाचे होते. पुण्याच्या या लेखनात कृपेची भाषा नाही, तपस्येची अपेक्षा आहे पण ती सर्वांकडून सारखी. आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचे वेतन प्रत्येकाला ठाऊक आहे. समानता हीच येथे तक्रारीचा विषय झाली: सारखे वेतन असमान गरजांना न्याय देते का? कलकत्त्यात शासनाने हिंदी माणसाची गरज कमी मानून वेतन कापले. पुण्यात आगरकरांना आपली गरज स्वतः मांडावी लागली आणि ती तत्त्वाच्या कसोटीला उतरत नाही असे ऐकून घ्यावे लागले. गरज हे वेतनाचे माप धरले की ते कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून राहते. मराठी इतिहासलेखनाने हा वाद सुधारक आणि राष्ट्रवादी यांच्या संघर्षाचा पूर्वरंग म्हणून इतका वाचला आहे, की तो शिक्षकांच्या वेतनाचाही वाद होता हे जवळजवळ विसरले गेले.

त्या ७५ रुपयांच्या सभासदांपैकी गोपाळ कृष्ण गोखले यांचा या कथेच्या उत्तरार्धाशी थेट संबंध येतो. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी वरिष्ठ जागा परकीयांच्या हाती ठेवण्यातील आर्थिक हानीबरोबरच नैतिक हानीही मांडली होती: जबाबदारीची उंच पदे कायमची नाकारली गेली की समाजाची वाढच खुंटते. १९१२ मध्ये सार्वजनिक सेवांच्या चौकशीसाठी लॉर्ड इझ्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगावर ते सभासद होते. मुंबईचे महादेव भास्कर चौबळ आणि मद्रासचे अब्दुर रहीम हे आणखी दोन हिंदी सभासद. (सभासदांत व्हॅलेंटाइन चिरोलही होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको.) या आयोगापुढे १९१३ मध्ये जगदीशचंद्र बोस यांची साक्ष झाली.

साक्ष हा लेखनप्रकार चरित्राहून पूर्णपणे वेगळा आहे. तेथे कथा सांगता येत नाही. प्रश्न विचारले जातात, उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर नियमाविषयी असावे लागते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मौनाने वेतन परत करणाऱ्या बोस यांनी येथे आपल्या तीन वर्षांविषयी सांगण्यापेक्षा सेवेच्या रचनेविषयी सांगितले: विद्वत्ता हीच पात्रता मानावी, आणि भरतीत व वेतनात वंशभेद करू नये. गेडिस यांच्या ग्रंथातील वीरवर आणि आयोगापुढील साक्षीदार हे एकाच माणसाचे दोन आविष्कार आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकाने पहिल्याकडेच पाहावे असा संकेत आहे; पण तफावतीला तफावत म्हणण्याचे काम दुसऱ्याने केले, आणि तेथे त्याच्याभोवती इतर माणसे होती.

गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत निवारले. आयोगाचा अहवाल युद्धामुळे रेंगाळून १९१७ मध्ये बाहेर आला, आणि अब्दुर रहीम यांनी त्याला आपले स्वतंत्र मतपत्र जोडले. महायुद्धानंतर वेतनश्रेणींची फेररचना झाली, तेव्हा मूळ वेतन एक ठेवून युरोपीय अधिकाऱ्यांसाठी त्यावर 'ओव्हरसीज पे' हा वेगळा भत्ता जोडण्यात आला. १९२४ च्या ली आयोगाने या सवलती वाढविल्या. दोन घरांच्या खर्चाचा जुना युक्तिवाद आता दुसऱ्या रकान्यात जाऊन बसला. मूळ वेतनाचे आकडे जुळत होते.

बोस १९१५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था उभारली. राय १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात गेले. क्रॉफ्ट यांनी सांगितलेली इतर वाट त्यांनी त्याआधीच धरली होती: १८९२ मध्ये राहत्या घरी सुरू केलेला त्यांचा औषधनिर्मितीचा उद्योग १९०१ मध्ये 'बेंगॉल केमिकल' या मर्यादित कंपनीत रूपांतरित झाला. १९२१ मध्ये वयाची साठ वर्षे झाल्यावर त्यांनी विद्यापीठातील आपले वेतन रसायनशास्त्र विभागालाच देण्यास आरंभ केला. त्यांच्याविषयी जे सांगितले जाते ते बहुधा येथून सुरू होते. त्यांची जाडीभरडी वस्त्रे, त्यांची विद्यार्थ्यांसोबतची एक खोली, त्यांचे दान. वेतन कशावर खर्च झाले याचा हिशोब राजाकडे पोहोचला आहे. दार्जिलिंगला जाऊन आलेल्या माणसाचे २५० रुपये मात्र त्याच्या स्वतःच्या पुस्तकातच नोंदलेले राहिले आहेत.